शेवटच्या रांगेत मध्यंतर

आमच्या कुत्र्याचं नाव मध्यंतर आहे, हे लोकांना सांगायला मला अजूनही लाज वाटते. फिरायला नेलं की कुणीतरी नाव विचारतंच. मी 'मध्या' म्हणून वेळ मारून नेतो. आमची ही मात्र भर रस्त्यात पूर्ण नावानं हाक मारते, आणि अशी मारते की चौकापलीकडचा फळवाला वळून बघतो. हल्ली मारते असं म्हणायला हवं, कारण पूर्वी हिचा आवाज शेजारच्या खुर्चीतल्या माणसालाही कान पुढे करून ऐकावा लागायचा.

त्यात हिचा काही दोष नव्हता, हिचं कामच तसं होतं. ही एका नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसायचं, संहिता मांडीवर घ्यायची, आणि नट अडकला की पुढचा शब्द त्याच्यापर्यंत पोचवायचा. फक्त त्याच्यापर्यंत. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या नटालाही कळता कामा नये, मग पहिल्या रांगेची गोष्टच सोडा. अर्धं आयुष्य हे केल्यावर गळा त्याच मापाचा होऊन बसतो. जेवताना हिनं "मीठ द्या" म्हटलं तरी मला वाटायचं, काहीतरी गुपित सांगतेय.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो. आमच्या दोघांचीही कामं अशी की ती नीट झाली तर कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाहीत. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. हिला वाटत असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि मी स्वतःला मोठा बारीक नजरेचा समजतो.

मग एक नवं नाटक उभं राहत होतं. त्यातली आईची भूमिका करणारी बाई ऐन तालमीत भांडून निघून गेली. दिग्दर्शक तरुण, डोक्याला हात लावून बसला. भूमिका पाठ कुणाला आहे, असं त्यानं विचारलं आणि सगळी मंडळी विंगेतल्या स्टुलाकडे बघायला लागली. त्या संध्याकाळी हिनं घरी येऊन मला जे सांगितलं ते मला तीनदा विचारावं लागलं, कारण आनंदानं तर हिचा आवाज अजूनच बसला होता. पुढे रोज जेवणं झाली की मी नवऱ्याची वाक्यं वाचायचो आणि ही आईची म्हणायची. मी लाकडासारखा वाचायचो. ही मात्र स्वयंपाकघरात उभी राहून अशी काही रडायची की माझं पान उलटायचं राहून जायचं.

नाटकातल्या नवऱ्याचं काम मंडळीतल्या एका जुन्या नटाकडे, मिशीवाल्यांकडे होतं. यांची मिशी खरी. राजाची भूमिका असो की साधूची, ती काढायची नाही ही त्यांची अट. माणूस मोठा गुणी, पण विसराळू. शेवटच्या अंकात नवऱ्यानं बायकोला सांगायचं असतं की परदेशी गेलेली मुलगी आता परत येणार नाही. "ती येणार नाही," एवढंच वाक्य. ते ऐकून आई मटकन खाली बसते. सगळं नाटक त्या वाक्यासाठी थांबलेलं असतं.

पहिल्या प्रयोगाला मिशीवाले नेमके तेच वाक्य विसरले.

विंगेत त्या दिवशी हिच्या जागी रंगभूषा करणाऱ्या बाईंना बसवलं होतं. त्यांचं पान चुकलं होतं. रंगमंचावर सगळं गप्प. आणि मग पुढच्या रांगेत बसलेल्या मला दिसलं की हिचा हात हळूच तोंडापाशी गेला, ही जरा वळली, आणि हिनं मिशीवाल्यांना त्यांचं वाक्य दिलं. सवयच ती. त्यांनी ते झेललं आणि खणखणीत म्हटलं, "ती येणार नाही." आता हिनं कोसळायचं होतं. पण नटानं शब्द नीट उचलला की प्रॉम्प्टर मान हलवतो, बरोबर, चालू द्या, म्हणून. हिनं मान हलवली. पोटची पोर परत येणार नाही हे कळल्यावर समाधानानं मान हलवणारी आई लोकांनी याआधी कधी पाहिली नव्हती. एकजण हसला, मग दुसरा, मग सगळं सभागृह.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकानं हिला बाजूला बसवून घेतलं. माणूस वाईट नाही तो. म्हणाला, फजिती कुणाचीही होते, ती मी विसरलोसुद्धा. पुढचं जे बोलला ते हिनं मला एकदाच सांगितलं आणि मी ते विसरू शकलेलो नाही.

"ताई, तिसऱ्या रांगेच्या मागे तुमचं एक अक्षरही पोचलं नाही. तुमची जागा विंगेतच आहे."

भूमिका दुसऱ्या बाईंकडे गेली. हिनं स्टुलावर परत बसायलाही नकार दिला. त्या स्टुलावरून रोज ते वाक्य ऐकायचं आणि दुसऱ्या कुणालातरी मटकन खाली बसताना बघायचं, ते आपल्याच्यानं होणार नाही, म्हणाली. माझं डोकं फिरलं होतं. त्या पोराला जाऊन चार शब्द सुनावावेत म्हणून मी एकदा बूटही घातले, पण हिनं दाराशी येऊन माझ्याकडे असं बघितलं की मी ते गुपचूप काढून ठेवले. त्यानंतर घरात शांतताच शांतता. बोलत होती, पण कामापुरतं, आणि तेही पूर्वीपेक्षा हळू. ओठ हलायचे आणि मी अंदाजानं उत्तरं द्यायचो. हिच्यासाठी आपल्याला काहीच करता येत नाही याचं मला फार वाईट वाटायचं.

त्यातच सामानवाले काका कुत्रं घेऊन आले. मंडळीच्या खुर्च्या, टेबलं, तलवारी सांभाळणारे हे काका आता काम सोडून बहिणीकडे राहायला निघाले होते. कुत्रं थिएटरातलंच. तपकिरी, एक कान पडलेला, तोंडाभोवती पांढरं झालेलं. प्रयोग चालू असला की हे विंगेत हिच्या स्टुलाखाली झोपायचं आणि मध्यंतर झालं की उठून बाहेर बिस्किटं मागायला जायचं, म्हणून नाव मध्यंतर. त्याच्या शिस्तीचं सगळ्यांना कौतुक. लढाईच्या नाटकात तोफा धडाडायच्या, पण हा पठ्ठ्या डोळा उघडायचा नाही.

काका म्हणाले की ताई यायच्या बंद झाल्यापासून हे त्या रिकाम्या स्टुलाखाली बसून असतं, उठवलं तर उठत नाही. मी म्हटलं, काका, आमचं घर लहान, जिना उभा, आणि माझं कुत्र्यांशी कधी जमलेलं नाही. ही काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मी वळून बघेपर्यंत कुत्रं माझ्या खुर्चीखाली जाऊन बसलं होतं.

पहिले काही दिवस तर फारच वाईट गेले. ही त्याला बोलवायची, ते बघायचंच नाही. ही दुधात पाव कुस्करून ठेवायची, "ये, मध्या" म्हणायची, आणि ते पाठ करून भिंतीकडे बघत बसायचं. थिएटरात जे रोज पायाशी झोपायचं ते घरी आल्यावर ओळखच दाखवेना. एकदा मी कामावरून आलो तर ही जमिनीवर बसलेली, समोर बशी, आणि पलीकडे कुत्र्याची पाठ.

"यालाही नाही पोचत," ही म्हणाली.

मी हिच्या शेजारी जमिनीवर बसलो, आणि मग उठताना गुडघा धरला म्हणून दोघांनाही एकमेकांना उठवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी कुत्र्याला प्राण्यांच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं. जेवत नाही, आजारी असेल, असं मला वाटत होतं. बाईंनी पोट दाबून बघितलं, दात बघितले, मग त्याच्या मागे जाऊन स्टीलचं भांडं फरशीवर सोडलं. मी दचकलो, ही दचकली, बाहेर कुणाचीतरी मांजर ओरडली. मध्यंतर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता.

बाई म्हणाल्या की हा जवळजवळ बहिरा आहे, आणि आजचा नाही, बरीच वर्षं असणार. बारीक आवाज याला अजिबात कळत नाही. खालच्या पट्टीतला, पोटातून काढलेला असला तर थोडाफार पोचेल. आधी हात लावायचा, हनुवटी वर करायची, आपलं तोंड बघू द्यायचं आणि मग बोलायचं.

ही माझ्याकडे बघायला लागली. ओठ थरथरायला लागले, आणि मला वाटलं आता ही रडते.

"म्हणजे त्या तोफा," ही म्हणाली, आणि हसायला लागली.

मग मीही हसायला लागलो. एवढी वर्षं सगळी मंडळी ज्या शिस्तीचे गोडवे गात होती ती ही शिस्त. आम्ही दोघं हसतोय आणि डॉक्टरीण बाई बिलाचं विसरून आमच्याकडे बघताहेत. त्या नाटकानंतर ही पहिल्यांदा हसली होती, म्हणून मी जरा जास्तच वेळ हसत राहिलो.

तिथून घरातली व्यवस्था बदलली. काहीही सांगायचं असलं की ही खाली वाकायची, मध्याच्या हनुवटीखाली हात घालायची, तोंड वर करायची आणि बोलायची. सुरुवातीला घसाच फुटायचा. आवाज वर चढायचा, चिरकायचा, खोकला यायचा. कुत्रं शांतपणे तोंडाकडे बघत राहायचं. त्याला कसली घाई नव्हती आणि ते हसतही नव्हतं. मी काचेवर हात फिरवून सांगू शकतो कुठे किती घासायचं राहिलंय, तसं पुढे पुढे मला आतल्या खोलीतून कळायला लागलं की आज हिचा आवाज कुठपर्यंत उतरलाय. आधी घशात होता. मग छातीत आला. एक दिवस ही "मध्यंतर, जेवायला" म्हणाली आणि कपाटाची काच थरथरली. ते कपाट मीच दुरुस्त केलं होतं, त्यामुळे श्रेय अर्धं माझं.

नुसतं ये आणि जा किती वेळ बोलणार. ही त्याला नाटकं सांगायला लागली. हिच्या डोक्यात सगळ्या मंडळीच्या सगळ्या भूमिका. भांडी घासताना राजा, कपडे वाळत घालताना खलनायक, आणि मध्या पायाशी बसून तोंडाकडे बघतोय. खालच्या मजल्यावर एक घड्याळजी राहतात, एकटे, दुपारी झोपणारे. ते तक्रार घेऊन वर आले. हिनं माफी मागितली आणि त्या दुपारी गप्प राहिली. संध्याकाळी घड्याळजी परत वर आले. मी मनात म्हटलं, आता काय. ते जरा घुटमळले आणि त्यांनी विचारलं की कालच्या नाटकात त्या भावानं विहिरीपाशी चिठ्ठी ठेवली होती, ती शेवटी कुणाच्या हाती पडली.

अशातच दिग्दर्शक आला. रंगभूषा करणाऱ्या बाईंच्या हातून पानं सारखी चुकत होती म्हणून हिनं स्टुलावर परत यावं, अशी विनंती करायला. मी वरून खिडकीतून बघत होतो. ही खाली अंगणाच्या या टोकाला उभी, मध्या त्या टोकाला कचऱ्याच्या डब्यात तोंड घालून. हिनं हाक मारली. कुत्र्यानं मान वर काढली, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या दिग्दर्शकाच्या हातातली पिशवी खाली पडली. हिनं त्याला चहा पाजला आणि स्टुलावर बसणार नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. जिना उतरताना तो दोनदा मागे वळून बघत होता.

बऱ्याच दिवसांनी त्याचा फोन आला. आईचं काम करणाऱ्या बाईंना सिनेमा मिळाला होता आणि त्या नाटक सोडून चालल्या होत्या. रविवारी दुपारी प्रयोग होता. तो म्हणाला, ताई, त्या दिवशी अंगणात जो ऐकला तो आवाज घेऊन या. ही नाही म्हणाली. मी पुढे काही विचारलं नाही, तरी हिनंच सांगितलं.

"परत हसले तर मला नाही जमायचं हो, परत उभं राहायला."

नाही हसणार असं म्हणायला मी काही सभागृहाचा मालक नव्हतो.

त्या संध्याकाळी आम्ही मध्याला फिरवून आणलं. आमच्या जिन्याला वळणावर एक पायरी इतरांपेक्षा उंच आहे. बांधणाऱ्यानं कुठलातरी हिशेब चुकवला असणार. मध्याचे मागचे पाय म्हातारे. त्या पायरीवर त्याचा पाय हुकतो आणि तो घसरून खाली येतो. त्या दिवशीही आला. आम्ही वर उभं राहून बघत होतो. त्यानं अंग झटकलं, पायरीचा वास घेतला, जणू आजच भेट झाली, आणि परत चढायला लागला. वर येऊन शेपटी हलवत आमच्या आधी दारात.

"हा रोज पडतो हो," ही म्हणाली. "कालही पडला होता."

"परवाही," मी म्हटलं.

मग आत जाऊन हिनं फोन उचलला. एकच अट घातली. शेवटच्या रांगेत कोपऱ्यातल्या दोन जागा हव्यात, एक यांच्यासाठी आणि एक कुत्र्यासाठी.

रविवारी थिएटरच्या दारावरच्या रखवालदारानं माझं तिकीट मागितलं आणि मध्यंतरला सलाम केला. जुना माणूस ना तो तिथला. आम्ही कोपऱ्यात बसलो. पडदा वर गेला. हिनं पहिलं वाक्य टाकलं, आणि ते सगळ्या डोक्यांवरून सरळ माझ्यापर्यंत आलं. अक्षर न् अक्षर. मी इतका वेळ श्वास धरून होतो की पुढच्या खुर्चीतल्या बाईंनी मागे वळून मला पाणी हवंय का विचारलं. मध्या माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला होता. मध्यंतराला दिवे लागले तसा उठला, बिस्किटं खाऊन आला आणि परत झोपला.

शेवटचा अंक आला. दिवे मंद झाले. मिशीवाले खिडकीपाशी आले, हातातला कागद घडी करून खिशात ठेवला, बायकोकडे वळले, तोंड उघडलं. आणि मी ओळखलं. त्यांच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. परत विसरले होते. विंगेतून कुजबुज येत होती, पण ती त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हती. लोक थांबले. एकानं खोकून घेतलं. हिचा हात उठला. तो वर वर तोंडाकडे चालला होता, आणि मला ओरडावंसं वाटलं की नको, नको देऊ ते वाक्य. मी कुत्र्याचा पट्टा मुठीत आवळून धरला.

हात तोंडापाशी थांबला नाही. ही दोन पावलं पुढे गेली, मिशीवाल्यांच्या हनुवटीखाली हात घातला, त्यांचं तोंड वर केलं, त्यांना आपल्याकडे बघू दिलं, आणि मग बोलली.

"ती येणार नाही. हेच सांगायचंय ना तुम्हाला?"

पोटातून बोलली. मिशीवाल्यांचे डोळे भरून आले. या वेळी मान त्यांनी हलवली. आणि ही मटकन खाली बसली.

कुणी हसलं नाही. सभागृहात एवढी शांतता होती की माझ्या शेजारी होणारा आवाज मला आधी कळेना. मग बघितलं तर मध्यंतर उठून उभा होता. पडलेला कानसुद्धा वर, शेपटी खुर्चीच्या पाठीवर आपटत होती, आणि तो सगळ्या रांगा ओलांडून समोर दिव्यात बसलेल्या आपल्या बाईकडे निघाला होता. त्याला पोचलं होतं. मी त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं, आणि माझ्या चष्म्यातून मला पुढचं काही दिसेना, मी स्वतः घासलेल्या काचा असूनही.

घरी जाताना उजेड होता अजून. रंगपटात लोकांनी हिच्याभोवती गर्दी केली होती, मिशीवाले तर हिचा हात सोडायला तयार नव्हते. रस्त्यात मध्या आमच्या पुढे. कोपऱ्यावर आल्यावर हिनं माझ्या कानाशी येऊन, अगदी पूर्वीच्या त्या विंगेतल्या आवाजात, विचारलं की शेवटच्या रांगेत खरंच सगळं आलं का.

"काय म्हणालीस?" मी म्हटलं. "ऐकू नाही आलं."

हिनं तेच परत विचारलं, अशा आवाजात की चौकापलीकडचा फळवाला उठून उभा राहिला आणि मध्यंतर पळत मागे आला. मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.